घरून नोकरी: कॉल तुटतो, मान दुखते, साहेबांना शंका येते

घरून काम करणाऱ्या नोकरदारांची पत्रं या वेळी इतकी आली, की संपूर्ण सदर त्यांनाच दिलं आहे. बऱ्याच पत्रांत एक वाक्य कुठे ना कुठे येतंच: ‘माझ्यातच शिस्त कमी आहे.’ पत्रं नीट वाचली तर शिस्तीचा प्रश्न फार थोड्या ठिकाणी दिसतो. राउटर चुकीच्या जागी असतो, टेबल चार बोटं उंच असतं, नाहीतर निरोपाला किती वेळात उत्तर द्यायचं हे कुणी कुणाशी ठरवलेलंच नसतं. म्हणून उत्तरांत उपदेशापेक्षा मापं आणि पायऱ्या अधिक आहेत.

प्रश्न: आमच्याकडे १०० एमबीपीएसचं कनेक्शन आहे. स्पीड टेस्टमध्ये आकडा बरोबर येतो, सिनेमे विनाअडथळा चालतात. पण ऑफिसची मीटिंग सुरू झाली की आवाज तुटतो, चित्र गोठतं. आणखी वेगाचा प्लॅन घ्यावा का?

एवढ्यात नको. चांगल्या दर्जाच्या व्हिडिओ कॉलला जाताना आणि येताना साधारण ३ ते ४ एमबीपीएस पुरतात, नुसत्या आवाजाला तर त्याचा अगदी छोटा अंश लागतो. तुमच्याकडे वेग भरपूर आहे. सिनेमा चालतो कारण तो पुढचा भाग आधीच उतरवून ठेवतो आणि मधली दोन-चार सेकंदांची अडचण तुम्हाला दिसतच नाही. कॉलला असा साठा करता येत नाही. तिथे प्रत्येक तुकडा वेळेवर आणि क्रमाने पोहोचावा लागतो. त्यामुळे पाहायचे ते तीन आकडे: पिंग, म्हणजे तुकडा जाऊन परत यायला लागणारा वेळ, जिटर, म्हणजे त्या वेळेतली चढउतार, आणि वाटेत हरवणाऱ्या तुकड्यांचं प्रमाण. जिटर ३० मिलिसेकंदांच्या आत आणि हरवणं १ टक्क्याच्या आत असेल तर कॉल नीट चालतो.

दोष घरात आहे की बाहेरच्या लाइनमध्ये, हे दहा मिनिटांत कळतं. कॉम्प्युटरवर कमांडची खिडकी उघडा आणि आधी स्वतःच्या राउटरला पिंग करा, म्हणजे ping हा शब्द आणि पुढे राउटरचा पत्ता टाइप करून एंटर दाबा. त्याचा पत्ता बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो, राउटरच्या तळाच्या लेबलवरही सापडतो. मग दुसऱ्या खिडकीत बाहेरच्या पत्त्याला, उदाहरणार्थ ८.८.८.८ ला, पिंग करा. विंडोजमध्ये ते सतत चालू ठेवायला शेवटी वजाचं चिन्ह आणि टी हे इंग्रजी अक्षर लावायचं, थांबवायला कंट्रोल आणि सी. दोन्ही खिडक्या चालू ठेवून एक मीटिंग करा. राउटरचं उत्तर नेहमी १० मिलिसेकंदांच्या आत येत असेल आणि बाहेरचंच उसळत असेल, तर तक्रार कंपनीकडे करायची, आणि ती करताना हे आकडे वेळेसकट द्यायचे. राउटरचंच उत्तर मध्येच २०० वर जात असेल किंवा गायब होत असेल, तर गोंधळ घरातल्या वायफायचा आहे. अशा तक्रारींत बहुधा हेच निघतं.

वायफायवर पहिला आणि खात्रीचा इलाज म्हणजे लॅन केबल. कॅट ५ई किंवा कॅट ६ ची साधी केबल १०० मीटरपर्यंत १ गिगाबिटचा वेग नेते. लॅपटॉपला ही केबल लावायचं भोक नसेल तर यूएसबीला लावायचा अॅडॉप्टर मिळतो, तो गिगाबिटचा घ्या. जोडल्यावर कॉम्प्युटर १००० ऐवजी १०० एमबीपीएस दाखवत असेल, तर बहुधा केबलमधल्या तारांच्या चार जोड्यांपैकी एखादी तुटलेली किंवा टोकाला नीट न बसलेली असते. गिगाबिटला चारही जोड्या लागतात, १०० ला दोनच पुरतात, म्हणून जोडणी चालू दिसते पण अपुरी असते.

केबल नेणं शक्यच नसेल तर वायफायच्या यादीतलं ५ गिगाहर्ट्झचं नाव निवडा. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भिंतीपलीकडे लांब जातो, पण त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. शेजारपाजारचे सगळे राउटर त्यातच भांडत असतात, आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात गुणगुणतो. जेवणाच्या वेळी कॉल तुटण्याचं गूढ बरेचदा तिथे उकलतं. राउटर कपाटात, टीव्हीच्या मागे किंवा जमिनीवर ठेवू नका. खांद्याच्या वर, मोकळ्यावर आणि काम करता त्या खोलीपासून फार तर एक भिंत दूर ठेवा.

एक दोष मात्र केबल लावूनही राहतो. घरातल्या कुणाचा फोन फोटोंचा बॅकअप चढवत असला की अपलोडची वाट भरून जाते आणि तुमचा आवाज त्या रांगेत मागे उभा राहतो. खात्री करायची असेल तर एखादी मोठी फाइल अपलोडला लावून तीच पिंग पाहा. २० वरून ३०० वर गेली तर रोग सापडला. बॅकअप रात्रीवर टाका, आणि राउटरच्या सेटिंगमध्ये ‘क्यूओएस’ किंवा ‘एसक्यूएम’ ही रांग आवरणारी सोय असेल तर अपलोडची मर्यादा मोजलेल्या वेगाच्या ८५ ते ९० टक्क्यांवर बांधा. थोडा वेग जातो, रांग लागत नाही.

वीज गेल्यावर लॅपटॉप चालतो पण इंटरनेट मरतं, अशीही तक्रार याच पत्रात पुढे आहे. राउटरसाठी छोटा डीसी यूपीएस, म्हणजे वीज गेल्यावर राउटर चालवणारी बॅटरी, घ्या. आधी अॅडॉप्टरवर व्होल्ट वाचा; बहुतेक ठिकाणी १२ असतात, पण ९ व्होल्टचेही राउटर आहेत आणि चुकीचा व्होल्ट लावला तर उपकरण जळू शकतं. फायबरचा डबा आणि राउटर वेगवेगळे असतील तर दोन्हींना वीज हवी. यूपीएसवर लिहिलेला १०,००० एमएएचसारखा आकडा आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचा असतो, म्हणजे साठा ३७ वॅट-तास. दोन्ही मिळून १२ वॅट खात असतील तर नुकसान धरून अडीच तासांच्या आसपास चालेल. त्यापुढे फोनचा हॉटस्पॉट. तो लॅपटॉपला आजच एकदा जोडून पासवर्ड लक्षात ठेवायला लावा, मीटिंगच्या मध्ये शोधत बसू नका.

प्रश्न: ब्लूटूथ हेडफोनवर गाणी सुंदर ऐकू येतात, पण कॉल लागला की आवाज डब्यात बोलल्यासारखा होतो. हेडफोन खराब आहे का?

हेडफोन चांगला आहे. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये ऐकण्यासाठी एक वाट असते आणि बोलणं-ऐकणं एकत्र करण्यासाठी वेगळी, अरुंद वाट. माइक चालू झाला की हेडफोन दुसऱ्या वाटेवर जातो आणि येणारा-जाणारा दोन्ही आवाज उतरतो. कॉलच्या सेटिंगमध्ये माइक म्हणून लॅपटॉपचा किंवा वेगळा माइक निवडा आणि हेडफोन फक्त ऐकायला ठेवा, आवाज परत येईल. दिवसाला तीन-चार तास बोलणं असेल तर दांडीचा माइक असलेला तारेचा यूएसबी हेडसेट घ्या. माइक ओठांच्या कोपऱ्याशी, दोन बोटांच्या अंतरावर ठेवायचा. थेट तोंडासमोर ठेवला तर श्वासाचा फूत्कार जातो. रिकाम्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो, तिथे जाड पडदा किंवा पुस्तकांचं कपाट महागड्या माइकपेक्षा जास्त काम करतं.

प्रश्न: जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून काम करते. उंची १५५ सेंटिमीटर. सहा महिन्यांत मान आणि उजवा खांदा धरला आहे, संध्याकाळी डोळे चुरचुरतात. महागडी खुर्ची घेतली तरी फरक नाही.

खुर्ची चांगली असली तरी टेबल तुमच्या मापाचं नाही. जेवणाची आणि लिहायची टेबलं साधारण ७२ ते ७५ सेंटिमीटर उंच असतात. तुमच्या उंचीच्या व्यक्तीचं कोपर बसल्यावर बहुधा त्याहून बरंच खाली येतं. मग हात टेबलावर आणण्यासाठी दिवसभर खांदे उचललेले राहतात, आणि दुखणं तिथूनच सुरू होतं. टेबलाचे पाय कापायची गरज नाही. खुर्ची इतकी वर घ्या की कोपर काटकोनात, टेबलाच्या पातळीला येईल. मग पाय लोंबकळतील, त्यांच्याखाली पाट किंवा घट्ट खोका ठेवा. पावलं पूर्ण टेकली पाहिजेत. बैठकीची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटं जाण्याएवढी जागा हवी. कड रुतत असेल तर पाय बधिर होतात आणि माणूस नकळत पुढे सरकून पाठीचा आधार सोडतो. तसं होत असेल तर टॉवेलची मुठीएवढी जाड गुंडाळी करून पट्टा बांधतो त्या पातळीला पाठीमागे ठेवा.

दुसरा दोष लॅपटॉपच्या घडणीतच आहे. पडदा आणि की-बोर्ड एकमेकांना जोडलेले, त्यामुळे हात बरोबर तर मान खाली, मान बरोबर तर हात वर. दोन्ही एकदम बरोबर येऊच शकत नाहीत. लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर १५ ते २० सेंटिमीटर उचला, पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा किंचित खाली येऊ द्या, अंतर हातभर म्हणजे ५० ते ७० सेंटिमीटर ठेवा, आणि वेगळा की-बोर्ड व माउस जोडा. खर्चाचा क्रम लावायचा तर आधी हे, मग खुर्ची. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्मा असेल तर पडदा आणखी थोडा खाली घ्या. नाहीतर खालच्या भिंगातून बघायला हनुवटी वर होते आणि मान मागच्या बाजूने दुखते.

उजव्याच खांद्याचं कारण माउस असावा. मोठ्या की-बोर्डच्या उजवीकडे आकड्यांचा पट्टा असतो, त्याच्याही पलीकडे माउस, म्हणजे हात दिवसभर अंगापासून लांब. आकड्यांचा पट्टा नसलेला की-बोर्ड घेतला की माउस साधारण चार-पाच बोटं जवळ येतो. की-बोर्डच्या मागचे छोटे पाय मिटवून ठेवा, त्यांच्यामुळे मनगट वर वाकतं.

डोळ्यांचं म्हणाल तर पडद्याकडे बघताना पापण्या लवण्याचं प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येतं आणि डोळे कोरडे पडतात. दर २० मिनिटांनी २० फूट, म्हणजे सहा मीटर लांब, २० सेकंद बघायचं आणि मुद्दाम पापण्या मिटायच्या. खिडकी पाठीमागे असेल तर पडद्यावर चमक येते, समोर असेल तर डोळे दिपतात. ती बाजूला राहील असं टेबल वळवा.

हे सगळं बदलून दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही, किंवा अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांत रात्री मुंग्या येऊ लागल्या, तर डॉक्टरांना दाखवा. मनगटातली नस दबत असेल तर ती घरगुती उपायांवर रेंगाळू देण्यासारखी गोष्ट नाही.

प्रश्न: आमच्या टीममधले निम्मे लोक ऑफिसात असतात, मी पूर्ण वेळ घरून. साहेब दिवसातून चार-पाच वेळा ‘काय चाललंय?’ विचारतात. चॅटवरचा हिरवा ठिपका पिवळा झाला तरी फोन येतो. काम वेळेवर देतो, तरी बढतीत नाव मागे राहिलं. माउस आपोआप हलवणारं यंत्र मिळतं म्हणे, ते घ्यावं का?

यंत्र घेऊ नका. कंपनीच्या लॅपटॉपवर ते पकडलं जाऊ शकतं, आणि पकडलं गेलं की कामाची चर्चा संपून प्रामाणिकपणाची सुरू होते. तीतून नोकरी वाचवणं अवघड.

तुमची बढतीची शंका मात्र निराधार नाही. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकारी अर्थशास्त्रज्ञांनी नऊ महिन्यांचा प्रयोग केला, तो २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वतः तयार असलेल्यांतून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवड करून काहींना आठवड्याचे चार दिवस घरी पाठवलं. घरून काम करणाऱ्यांची कामगिरी १३ टक्क्यांनी वाढली आणि नोकरी सोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. पण सारखीच कामगिरी असताना बढती मिळण्याचं त्यांचं प्रमाण घसरलं. त्याच कंपनीत पुढे, आठवड्याचे दोनच दिवस घरून काम देऊन, १,६१२ जणांवर दुसरा प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष २०२४ मध्ये आले. त्यात सोडून जाणारे एक तृतीयांशाने कमी झाले आणि बढतीत फरक दिसला नाही. थोडक्यात, डोळ्यांआड पूर्ण वेळ राहणाऱ्याचं काम कमी दिसतं, आणि ते दिसेल याची सोय त्याला स्वतःलाच करावी लागते.

साहेबांचं ‘काय चाललंय?’ हे बहुधा संशयातून कमी आणि माहिती नसल्यामुळे जास्त येतं. त्यांनाही वर कुणाला तरी उत्तर द्यायचं असतं. म्हणून ते विचारायच्या आधी त्यांच्या हातात उत्तर द्या. रोज ठरावीक वेळी, सकाळी काम सुरू करताना, तीन ओळी: काल काय पूर्ण झालं, आज काय करणार, कुठे अडलंय आणि कुणामुळे. ‘रिपोर्टवर काम चालू आहे’ ही ओळ निरुपयोगी, कारण ती आठ दिवस तशीच चालेल. ‘विक्रीच्या रिपोर्टमधले १२ पैकी ९ तक्ते तपासले, दोन तक्त्यांत तफावत होती ती दुरुस्त केली, उरलेले ३ आज दुपारी ४ पर्यंत, परताव्याचे आकडे हिशेब विभागाकडून यायचेत, काल मागितलेत’ ही ओळ वाचल्यावर साहेबांना फोन करायला कारण उरत नाही. तिसरी ओळ कधीही लपवू नका. अडलेलं काम तीन दिवसांनी उघड झालं की ते तुमचं अपयश ठरतं, त्याच दिवशी सांगितलं तर ती दोघांची अडचण असते.

हिरव्या ठिपक्यासाठी एकदाच पंधरा मिनिटं मागून घ्या आणि उत्तराच्या वेळा ठरवा. उदाहरणार्थ चॅटला एका तासात, ईमेलला त्याच दिवशी, आणि खरंच तातडीचं असेल तर फोन, जो लगेच उचलला जाईल. बोलणं झाल्यावर ठरलेलं चार ओळींत लिहून पाठवा. बऱ्याच चॅट अॅपमध्ये पाचेक मिनिटं माउस हलला नाही की ठिपका पिवळा होतो. कागदावर विचार करणारा माणूसही त्यात गैरहजर ठरतो, हे साहेबांना स्पष्ट सांगायला हरकत नाही. एकाग्रतेच्या कामाचा दीड-दोन तासांचा पट्टा कॅलेंडरवर नावासकट टाका: ‘१० ते ११.३०, परतावा हिशेब’. नुसतं ‘व्यग्र’ लिहिलं तर त्यावर कुणीही मीटिंग टाकतो.

बढतीसाठी वेगळी वही हवी. दर शुक्रवारी पाच मिनिटं काढून आठवड्यात काय केलं आणि त्यामुळे काय बदललं, ते तारखेसकट लिहा. वार्षिक मूल्यमापनाच्या वेळी अकरा महिन्यांपूर्वीचं काम तुम्हालाही आठवत नाही, साहेबांना कुठून आठवणार? दर तीन महिन्यांनी थेट विचारा, ‘पुढच्या पायरीसाठी माझ्यात काय कमी दिसतं?’ आणि ऑफिसात अधूनमधून जाता येत असेल तर वाटेल त्या दिवशी जाऊ नका, पूर्ण टीम जमते त्या दिवशी जा. रिकाम्या ऑफिसात हेडफोन लावून बसण्याने काही साधत नाही.

प्रश्न: मुलगी अडीच वर्षांची. दोघंही घरून नोकरी करतो. कामही होत नाही आणि तिच्याकडेही बघणं होत नाही. वेळेचं नियोजन कसं करावं?

जे जमत नाही ते जमण्यासारखं नाहीच, एवढं आधी मान्य करा. अडीच वर्षांचं मूल एकटं सलग दहा-पंधरा मिनिटं रमलं तरी पुष्कळ. त्याच्यावर लक्ष ठेवून आठ तासांची नोकरी करण्याचं कुठलंही वेळापत्रक नाही, आणि ते न जमल्याबद्दल स्वतःला दोष देत राहू नका. घरातलं तिसरं माणूस, पाळणाघर किंवा सांभाळणाऱ्या ताई, यांपैकी काहीतरी निदान चार-पाच तासांसाठी उभं करावंच लागेल.

उरलेल्या तासांत पाळ्या लावा. दर रविवारी दोघांची कॅलेंडरं शेजारी ठेवून दोघांच्या मीटिंगा एकाच वेळी कुठे येतात ते शोधा, आणि त्यातली एक त्याच दिवशी हलवा. सोमवारी सकाळी हलवायला उशीर झालेला असतो. ज्याची पाळी त्याने लॅपटॉप बंद ठेवायचा. अर्धं लक्ष इथे, अर्धं तिथे असलं की मूल जास्त चिकटतं. कामांचेही दोन ढीग करा: न तुटता करायची आणि मध्येच सोडता येणारी. बिलं भरणं, ईमेल निवडणं, फायली लावणं ही दुसऱ्या ढिगातली कामं मूल जागं असताना, आणि दुपारच्या झोपेचा तास-दीड तास फक्त पहिल्या ढिगाला. त्या वेळेत भांडी घासायचा मोह आवरा.

मीटिंगच्या आधी दहा मिनिटं तिला पूर्ण द्या, मग दार लावा. आणि व्यवस्थापकांना वेळा आधीच सांगा: ‘१ ते ३ मी नसते, रात्री ८ ते १० भरून काढते.’ आधी सांगितलेली अडचण लोक सांभाळून घेतात, कॅमेऱ्यासमोर अचानक दिसलेली रोज सांभाळत नाहीत.

प्रश्न: काम संपतच नाही. आमचे सहकारी तीन वेगवेगळ्या खंडांत आहेत. रात्री अकराला निरोप येतो आणि मी उत्तर देतो. घरचे म्हणतात, तू घरी असून नसतोस.

ऑफिसात दिवस संपल्याच्या खुणा आपोआप मिळतात: शेजारचा उठतो, दिवे मालवतात, गाडी गाठायची असते. घरी त्या खुणा तुम्हालाच ठेवाव्या लागतील. शेवटची पंधरा मिनिटं राखून ठेवा. अर्धवट कामाची पुढची पायरी एका पूर्ण वाक्यात लिहा, ‘उद्या सकाळी तिसऱ्या तक्त्यातली बेरीज तपासायची’ इतकी नेमकी. डोक्यात रेंगाळतं ते न लिहिलेलं काम. मग खिडक्या बंद, स्टेटस बदललेलं, आणि लॅपटॉप मिटून बॅगेत किंवा खणात. टेबलावर उघडा राहिला तर येताजाता हात जातोच. त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं बाहेर पडून चाला. फोनवर कामाची अॅप्स वेगळ्या प्रोफाइलमध्ये टाका, ती ठरावीक वेळी आपोआप गप्प करता येते.

रात्रीच्या निरोपाला तुम्ही उत्तर देता, म्हणून पुढचाही निरोप रात्रीच येतो. पाठवणाऱ्याकडे तेव्हा दुपार असते, त्याला घाई असेलच असं नाही. टीममध्ये एकदा विचारा की कोणत्या गोष्टींना खरंच रात्री उत्तर हवं. यादी दोन-तीन गोष्टींवर थांबते, आणि त्यांसाठी आठवड्याच्या पाळ्या लावता येतात. तुम्ही स्वतः उशिरा लिहीत असाल तर ‘नंतर पाठवा’ची सोय वापरा.

सगळे एकत्र जागे असतात असे दोन-तीन तास ठरवून मीटिंगा त्यातच घ्या. वेळ लिहिताना यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाण वेळेतही लिहा. अमेरिकेतली बहुतेक राज्यं मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे करतात. युरोपात हेच मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होतं. त्यामुळे मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा अमेरिका आणि युरोप यांच्यातलं नेहमीचं गणित तासाभराने चुकतं. हे आठवडे कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा.

प्रश्न: दिवसाला पाच-सहा व्हिडिओ मीटिंगा झाल्या की डोकं बधिर होतं. शारीरिक काम तर काहीच नसतं.

स्टॅनफर्ड विद्यापीठातले जेरेमी बेलनसन यांनी २०२१ मध्ये याची चार कारणं मांडली: सतत अगदी जवळून रोखलेल्या नजरा, दिवसभर स्वतःचाच चेहरा समोर, एका जागी खिळून बसणं, आणि हावभाव समजायला-समजावायला पडणारे जास्तीचे कष्ट. उपाय त्यातच आहेत. स्वतःची चौकट लपवा. खिडकी पूर्ण पडद्यावरून लहान करा, म्हणजे चेहरे लांब जातात. दोघांचंच बोलणं असेल तर साधा फोन करा आणि चालत बोला. मीटिंग ३० ऐवजी २५ आणि ६० ऐवजी ५० मिनिटांची ठेवायची सोय कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये असते. आणि जी मीटिंग फक्त माहिती वाचून दाखवायला आहे, ती लेखी पाठवा म्हणून सुचवा.

प्रश्न: कंपनीच्या लॅपटॉपवर मुलाला शाळेचा प्रकल्प करू दिला तर काय बिघडतं?

बरंच काही. एखादा खेळ उतरवताना आलेली फाइल तुमच्या लॉगइनच्या अधिकाराने कंपनीच्या सर्व्हरपर्यंत पोहोचू शकते आणि जबाबदारी तुमच्या नावावर राहते. देऊच नका. जागेवरून उठताना विंडोजची कळ आणि एल दाबून पडदा कुलूपबंद करा. राउटरचा मूळ पासवर्ड बदला, वायफायच्या सुरक्षेचा प्रकार डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ ठेवा, आणि टीव्ही, कॅमेरे, पाहुण्यांचे फोन ‘गेस्ट’ नेटवर्कवर हलवा. स्क्रीन दाखवताना पूर्ण पडदा न देता एकच खिडकी द्या. कंपनीची फाइल ‘घरी छापायला’ स्वतःच्या ईमेलवर पाठवणं हा सर्वांत सहज होणारा आणि सर्वांत महागात पडणारा प्रमाद आहे.

प्रश्न: पहिलीच नोकरी, रुजू झाल्यापासून घरूनच. कुणाला काय विचारावं कळत नाही. सारखं विचारलं तर अडाणी वाटेन अशी भीती वाटते.

पहिल्या महिन्यात विचारणं अपेक्षितच असतं. तोच प्रश्न सहाव्या महिन्यात विचारला तर मात्र लोक चमकतात, म्हणून आताच विचारून घ्या. नुसतं ‘हाय’ किंवा ‘एक विचारायचं होतं’ लिहून वाट बघू नका, समोरच्याला तुमच्यासाठी थांबावं लागतं. एकाच निरोपात चार गोष्टी लिहा: काय करायचंय, काय करून पाहिलं, नेमकं काय झालं (चुकीचा संदेश आला असेल तर त्याचा फोटो), आणि कधीपर्यंत उत्तर हवं. वीस-तीस मिनिटं स्वतः झटून पाहा, त्यापुढे अडून बसू नका. एकट्याने दिवस घालवण्यापेक्षा विचारलेलं सगळ्यांना परवडतं. किरकोळ शंका साठवून रोज एका वेळी विचारा. व्यवस्थापकांकडे एक जोडीदार मागा, ज्याला न लाजता विचारता येईल.

पहिल्या दोन आठवड्यांत टीममधल्या प्रत्येकाशी पंधरा मिनिटं बोला. विचारायचं एवढंच: तुमच्याकडे कोणतं काम आहे, ते माझ्या कामाला कुठे जोडलं जातं, आणि तुमच्याशी संपर्क कसा केलेला आवडतो. ऐकलेल्या संक्षेपांची आणि मिळालेल्या उत्तरांची यादी एका फाइलमध्ये ठेवत जा. महिन्याने ती नीट करून टीमला द्या. तुमच्यानंतर रुजू होणाऱ्याला ती पहिल्याच दिवशी लागेल.